तिसऱ्या घाटाची तयारी : पुणे ते महाबळेश्वर सायकलने

पुण्याहून सायकलने महाबळेश्वर गाठायचं म्हणजे वाटेत तीन घाट. पहिला कात्रजचा जुना घाट, तो सगळे गप्पा मारत चढतात. दुसरा खंबाटकी, तिथे गप्पा थांबतात. तिसरा पसरणी, आणि सायकली हातात धरून चालणारी मंडळी दिसतात ती इथे.

खरं तर पसरणी घाट फार खडा नाही. वाई साधारण सव्वासातशे मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी तेराशेच्या जरा खाली. बारा-तेरा किलोमीटरमध्ये साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर चढायचं, म्हणजे सरासरी साडेचार टक्के चढ. सिंहगडाचा रस्ता याच्यापेक्षा कितीतरी उभा आहे. वाईत मुक्काम करून सकाळी ताज्या पायांनी निघालात, तर शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव मागे टाकून आरामात वर पोचाल. पण पुण्याहून थेट येणाऱ्याला हा घाट जवळजवळ नव्वद किलोमीटर झाल्यावर भेटतो. तोवर ऊन चढलेलं असतं, आधीच्या दोन घाटांत पाय खर्ची पडलेले असतात आणि सकाळचे पोहे कधीच जिरलेले असतात.

म्हणून इथे तयारी करायची ती थकलेल्या पायांनी चढण्याची. नुसती ताकद किंवा नुसता वेग वाढवून भागत नाही. ज्यांना सपाट रस्त्यावर सलग चाळीस किलोमीटर फार त्रास न होता जमतात, नोकरी-धंदा सांभाळून आठवड्याला सहा-सात तास काढता येतात आणि हातात बारा आठवडे आहेत, अशांसाठी हा लेख आहे. चाळीस अजून जमत नसतील तर आधी दोन महिने नुसती सायकल चालवा, मग इकडे या.

पसरणी तुमच्याकडून किती मागतो

समजा तुमचं वजन ७२ किलो आहे. सायकल, पाण्याच्या बाटल्या, हेल्मेट, बूट, पंक्चरचं सामान मिळून आणखी १५ किलो धरा. हे ८७ किलो साडेपाचशे मीटर वर न्यायचे आहेत. एका तासात न्यायचे म्हटले, तर रस्त्याचं घर्षण आणि वारा धरून पायांतून सलग १६५ वॅटच्या आसपास शक्ती निघावी लागते. सव्वा तास घेतलात तर १३० वॅट पुरतात. दीड तास लावलात तर ११० च्याही आत काम होतं.

हे आकडे नीट बघा. एक तास आणि दीड तास यांत फरक अर्ध्या तासाचा, पण लागणारी शक्ती एक तृतीयांशाने कमी. हौशी सायकलस्वाराला ११० ते १३० वॅट ताजं असताना काहीच वाटत नाहीत. सहा तास सायकल चालवून झाल्यावर तेवढेच वॅट काढता येणं, ही खरी परीक्षा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आपल्याला राजा व्हायचं नाहीये, प्रजेतच राहून वर पोचायचं आहे.

वजनाचाही हिशेब यातच आला. तीन किलो उतरवले तर सव्वा तासाच्या चढाईत दोन-अडीच मिनिटं वाचतात. पोट सुटलं असेल तर तीन महिन्यांत सावकाश तीन-चार किलो कमी होऊ द्या, चांगलंच आहे. पण शेवटच्या महिन्यात भात-पोळी सोडून वजन पाडायला जाल, तर सराव वाया जाईल आणि पसरणीच्या पायथ्याशी रिकामे पोचाल.

आधी गिअर बघा

व्यायामाच्या आधी सायकलच्या दुकानात जा असं मी सांगतो, त्याचं अनेकांना नवल वाटतं. पण चुकीचा गिअर असेल तर बारा आठवड्यांची मेहनत गुडघ्यात जाते.

मागच्या कॅसेटचं, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचं, सगळ्यांत मोठं चक्र आणि पुढचं सगळ्यांत लहान चक्र, दोन्हींचे दात मोजा. जुन्या धाटणीच्या रेसिंग सायकलवर पुढे ३९ आणि मागे २५ असतात. वर धरलेल्या वजनाचा माणूस १५० वॅट लावून आठ टक्क्यांच्या चढावर ताशी साधारण सात किलोमीटरने जातो. ३९-२५ वर त्या वेगाला मिनिटाला जेमतेम ३६ पेडल फिरतात. म्हणजे प्रत्येक पेडलवर उभं राहून दाबायचं. तोच माणूस, तेवढीच शक्ती, पण पुढे ३४ आणि मागे ३२ किंवा ३४ असतील तर पेडल पन्नास-पंचावन्नपर्यंत जातात. पाचेक टक्क्यांच्या चढावर तर पंचाहत्तरच्या वर फिरतात. पाय हलके फिरले की भार काही प्रमाणात स्नायूंवरून हृदय-फुप्फुसांवर सरकतो. हृदय दिवसभर चालतं, मांड्या चालत नाहीत.

तेव्हा मेकॅनिकला विचारा, माझ्या मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) किती दातांचं चक्र झेपतं? झेपेल तेवढं मोठं बसवून घ्या. नवी चेन लागेल, कधी डिरेलरही बदलावा लागेल. पुढे तीन चक्रं असलेल्या हायब्रीड किंवा माउंटन बाइकवाल्यांनी यात पैसे घालू नयेत, त्यांच्याकडे बहुधा पुरेसा हलका गिअर आधीपासून असतो. मित्रांच्या कार्बन सायकली बघून त्यांनी खट्टू व्हायचंही कारण नाही.

सीटची उंची त्याच फेरीत तपासा. सीटवर बसून पेडल सगळ्यांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट बहुतेक खाली आहे. मागच्या बाजूने दुखत असेल तर वर आहे. बदल एका वेळी चार-पाच मिलिमीटरचाच करा आणि आठवडाभर चालवून बघा.

आणि डॉक्टर. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर सराव वाढवण्याआधी तपासणी करून घ्या आणि स्ट्रेस टेस्टची गरज आहे का तेही विचारा. चढावर छातीत दाब येणं, जबडा किंवा डाव्या हाताकडे कळ जाणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, याला ‘सवय नाही म्हणून’ असं म्हणून पुढे जायचं नाही. थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

बारा आठवडे

अनंत चतुर्दशी झाली की सुरुवात करा, म्हणजे डिसेंबरात तयार व्हाल. पावसाळा संपलेला असतो, हवा थंड असते. जून ते सप्टेंबर महाबळेश्वरला पाऊस आणि धुकं इतकं असतं की घाटात समोरची गाडी दिसत नाही. ते महिने या सफरीसाठी विसरून जा.

आठवड्यात चार दिवस सायकल, दोन दिवस पंधरा-वीस मिनिटं अंगमेहनतीचा व्यायाम, एक दिवस पूर्ण सुट्टी. दर चौथा आठवडा हलका, म्हणजे एरवीच्या साठ टक्केच. शरीर सरावात थकतं आणि विश्रांतीत सुधारतं, म्हणून हलका आठवडा गाळू नका. पंचांग बघून एक हलका आठवडा दिवाळीत पडेल असा बसवा. फराळाचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

*पहिले चार आठवडे.* मंगळवारी आणि गुरुवारी एक-एक तास, शनिवारी पाऊण तास, रविवारी लांब पल्ला : पन्नास, साठ, पंचाहत्तर आणि चौथ्या आठवड्यात परत पन्नास. वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो. बहुतेक लोक इथेच एकमेकांशी रेस लावतात आणि पाया कच्चा राहतो. संथ, लांब सायकलिंगने स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात आणि शरीर चरबी जाळून चालायला शिकतं. नव्वदाव्या किलोमीटरला हीच कमाई कामी येते. गुरुवारी मधेच पाच-पाच मिनिटं हलक्या गिअरवर मिनिटाला नव्वद पेडल फिरवा, कंबर न हलवता. पहिल्यांदा सीटवर उड्या मारल्यासारखं होतं, तीन आठवड्यांत बसतं.

*पाच ते आठ.* आता घाट. रविवारी पुणेकरांनी सिंहगड गाठावा : गोळेवाडीपासून साधारण नऊ किलोमीटर, सहाशे मीटरच्या आसपास चढ. पहाटे लवकर जा. सुट्टीच्या दिवशी आठनंतर गाड्यांची रांग लागते आणि क्लचचा जळका वास नाकात घेत चढावं लागतं. बोपदेव आणि दिवे घाट लहान आहेत, ते दोनदा करावेत. कोल्हापूरकरांना पन्हाळा आणि जोतिबा, साताऱ्याला यवतेश्वर, ठाण्याला येऊर, संभाजीनगरला दौलताबादचा घाट, गोव्याला चोर्ला.

नागपुरात किंवा सोलापुरात राहत असाल तर घाट नाही म्हणून अडू नका. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण करणारे डॉ. अमित समर्थ नागपूरचेच. त्या शर्यतीत रॉकी पर्वत ओलांडावा लागतो. सपाटीवर राहणाऱ्याने समोरून येणारा वारा शोधायचा, जड गिअर टाकायचा आणि सीटवर बसून अर्धा-अर्धा तास सलग दाब धरायचा. उड्डाणपुलाच्या फेऱ्या त्या मानाने कमी उपयोगाच्या, कारण दोन मिनिटांत उतार येतो आणि पाय सुटतात. घाटात पाय सुटत नाहीत, आणि नेमकी तीच सवय लावायची असते.

मंगळवारचा सराव आता कडक होतो. पंधरा मिनिटं अंग गरम करून आठ मिनिटांचे तीन तुकडे, मधे चार-चार मिनिटं संथ. पुढच्या आठवड्यात दहा मिनिटांचे तीन, त्याच्या पुढे पंधराचे दोन. जोर इतका की तीन-चार शब्दांच्या वर बोलता येऊ नये, पण शेवटचा तुकडा पहिल्याइतकाच जमला पाहिजे. पहिलाच तुकडा जीव तोडून केलात तर तो सराव फुकट गेला समजा. गुरुवार मध्यम, शनिवार हलका.

हृदयगती मोजणारा छातीचा पट्टा किंवा घड्याळ असेल तर याच टप्प्यात स्वतःचा आकडा काढा. एखाद्या चढावर तीस मिनिटं जमेल तेवढ्या पण एकसारख्या जोराने चढा आणि शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी हृदयगती लिहून ठेवा. हा तुमचा उंबरठा. ‘२२० वजा वय’ हे सूत्र सगळीकडे सांगतात, पण त्यात एकेका माणसामागे दहा-बारा ठोक्यांची चूक सहज निघते, आणि घाटात दहा ठोके म्हणजे टिकणं आणि मोडून पडणं यातलं अंतर.

*नऊ ते अकरा.* हा लेख लिहिला तो या तीन आठवड्यांसाठी. आता चढ रविवारच्या सुरुवातीला करायचा नाही, शेवटाकडे करायचा. पुण्यातली एक चांगली आखणी : सिंहगड रस्त्याने खडकवासल्यावरून पानशेतला जायचं, तिथून परत फिरायचं आणि डोणजे फाट्याला घराकडे न वळता सिंहगडाकडे वळायचं. साठेक किलोमीटर झालेले असतात, धरणाकाठच्या रस्त्याने चढ-उतार करून पाय शिणलेले असतात, घड्याळात दहा वाजून गेलेले असतात. घरी जावंसं वाटतं, आणि पसरणीच्या पायथ्याशीही हुबेहूब असंच वाटतं.

त्या चढावर काय होतं ते बारकाईने बघा. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये पाय जड वाटतात, पण श्वास ठीक असतो. जोर वाढवायचा मोह होतो, वाढवू नका. साधारण मध्यावर श्वास लागतो आणि खांदे कानांकडे सरकायला लागतात. हँडलवरची मूठ इतकी आवळली जाते की नखं तळव्यात रुततात. दर वळणावर एकदा हात सैल सोडा, बोटं पियानोवर फिरवावीत तशी हँडलवर फिरवा, जबडा ढिला करा. वळणाच्या आतल्या कडेला चढ जास्त उभा असतो, बाहेरच्या बाजूने मवाळ. आपली डावी बाजू न सोडता जेवढं बाहेरून जाता येईल तेवढं जा. दर पाच-सात मिनिटांनी एक गिअर जड करून वीस-पंचवीस पेडल उभं राहून मारा आणि परत बसा. त्याने वेग वाढत नाही, पण कंबर आणि बैठक मोकळी होते. उभं राहताना सायकल मागे ढकलली जाऊ देऊ नका. मागे कुणी चिकटून असेल तर त्याचं चाक तुमच्या चाकाला लागतं.

शनिवारी संध्याकाळी एक तास मध्यम जोर आणि रविवारी सकाळी लांब पल्ला, अशी जोडी दहाव्या आणि अकराव्या आठवड्यात लावा. अकराव्यातला रविवार ही कसोटी. साठ-सत्तर किलोमीटर झाल्यावर सहाशे मीटरचा चढ, फार तर दोनदा पाय टेकवून. वर पोचल्यावर कुणाशी धड बोलता आलं आणि काहीतरी खावंसं वाटलं, तर तुम्ही तयार आहात. मळमळलं, खाणं समोर नको झालं, तर एक तर जोर जास्त लागला किंवा वाटेत खाल्लं कमी. तीन आठवडे पुढे ढकला, किंवा वाईला मुक्काम करून दोन दिवसांत जा. दोन दिवसांत जाण्यात कमीपणा कसला? महाबळेश्वर दोन्हीकडून तेवढंच उंच आहे.

*बारावा.* निम्मं चालवा. मंगळवारी पाच मिनिटांचे तीन कडक तुकडे पुरे. बाकी झोप. या आठवड्यात ‘राहिलेला सराव’ भरून काढायला जाऊ नका, आता केलेल्या मेहनतीचा फायदा त्या दिवसापर्यंत पोचत नाही. थकवा मात्र पोचतो.

बैठका, दंड आणि पाठ

घाटात लोकांची आधी पाठ जाते, मग पाय. जिम लागत नाही. आजोबांच्या तालमीतलं बरंचसं इथे चालतं : वीस-वीस बैठकांचे तीन फेरे, जमतील तेवढे दंड, सहा-आठ सूर्यनमस्कार. त्यात एका पायाचे व्यायाम घाला, कारण पेडल एका वेळी एकाच पायाने दाबतो. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर एक पाय ठेवून त्याच पायावर चढणं-उतरणं, दोन्हीकडे पंधरा-पंधरा. सेतुबंधासनात एक पाय उचलून तीस सेकंद. प्लँक एक मिनिट, दोन्ही कुशींवर अर्धा-अर्धा मिनिट. नवव्या आठवड्यानंतर बैठका निम्म्या करा. प्रथिनं वजनाच्या किलोमागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम पोटात गेली पाहिजेत. शाकाहारी माणसाला नुसत्या वरण-भातावर ते साधत नाही, डाळीबरोबर दही, पनीर, उसळी, सोयाबीन, शेंगदाणे जोडावे लागतात.

पोट

घाटात माणूस मोडतो त्यामागे पायांपेक्षा पोट जास्त वेळा असतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर मध्यम जोराला दीड-दोन तास चांगली पुरते, मग उतरणीला लागते. ती पूर्ण संपली की अचानक हात-पाय गळतात, चिडचिड होते, साधा चढ डोंगर वाटतो. तिथून त्याच दिवशी सावरणं कठीण.

म्हणून पहिल्या तासापासून, भूक नसताना, ताशी चाळीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. एक केळं आणि चिक्कीचे दोन-तीन लहान तुकडे झाले की तासाचा कोटा भरला. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गूळपोळीचे चतकोर, सगळं चालतं. राजगिऱ्याच्या लाडवाचा भुगा तोंडात फिरतो, तो चढाच्या आधी संपवा, घाटात नाही. घड्याळात दर वीस मिनिटांनी गजर लावा आणि गजर झाला की घास.

शिरवळला वडापावची दुकानं खुणावतात. तळलेलं पोटात पडून राहतं आणि खंबाटकीत वर येतं. हौस असेल तर परतीला खा. वाईत मात्र वीस मिनिटं बसून दहीभात किंवा इडली खावी.

पाण्यासाठी सरावातच स्वतःचं माप काढा. निघण्याआधी आणि तासाभराने परत आल्यावर कोरड्या अंगाने वजन करा. जेवढे ग्रॅम उतरले अधिक जेवढं पाणी प्यायलात, तेवढा तुमचा तासाचा घाम. बहुतेकांचा अर्धा ते एक लिटर निघतो. तो सगळाच्या सगळा भरून काढायचा नाही, बराचसा काढायचा. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि डोकं जड होतं, म्हणून एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी, पाकिटावर लिहिलेल्या मापातच. जे खायचं-प्यायचं ते सगळं नवव्या आठवड्यापासून रविवारी खाऊन बघा. त्या दिवशी नवं काही नको, एनर्जी जेलसुद्धा.

तो दिवस

पहाटे साडेचार-पाचला निघा, पुढे-मागे दिवे लावून. रविवार शक्यतो टाळा, पसरणीत पर्यटकांच्या गाड्या एकमेकींना ओव्हरटेक करत असतात. साध्या कामाच्या दिवशी रजा टाकणं परवडतं. एकूण अंतर सव्वाशेच्या जरा आत, एकूण चढाई दीड हजार मीटरच्या आसपास, आणि थांबे धरून आठ-नऊ तास.

कात्रजला सगळ्यात मोठा धोका उत्साहाचा. हवा गार, पाय ताजे, सोबत मित्र. तुमच्या उंबरठ्याच्या ८५ टक्क्यांच्या वर हृदयगती जाऊ देऊ नका. कुणी पुढे गेलं तर जाऊ द्या, वाईत भेटेल. जुन्या बोगद्यातून पलीकडे उतरलात की खेड शिवापूर, कापूरहोळ, सारोळा आणि नीरा ओलांडून शिरवळ. हा महामार्ग आहे. डाव्या कडेच्या पट्ट्यात राहा आणि उड्डाणपुलांपेक्षा जमेल तिथे सेवारस्ते घ्या.

खंबाटकी लांबीने लहान, पण साताऱ्याकडे जाणारे लादलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये तुमच्या बरोबरीने चढत असतात. धूर चुकवायला ट्रकच्या मागे राहून वेग कमी करा किंवा दोन मिनिटं थांबून त्याला जाऊ द्या, उजवीकडून ओलांडायला जाऊ नका. या भागात नव्या बोगद्यांचं काम चालत आलं आहे, तेव्हा सायकल कुठल्या मार्गाने जाऊ देतात ते निघण्याआधीच्या आठवड्यात विचारून घ्या. इथेही तोच ८५ टक्क्यांचा नियम. सुरूर फाट्याला महामार्ग सुटतो आणि जीव भांड्यात पडतो.

वाईतून दोन्ही बाटल्या भरून निघा. घाटाची पहिली तीन किलोमीटर मुद्दाम वाटतं त्यापेक्षा हळू चालवा, सगळ्यांत हलका गिअर लावून. तो पुढच्या वळणासाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही. निम्म्यावर वळून खाली बघितलंत तर कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी दिसेल. थांबायचंच असेल तर इथे थांबा, पाच मिनिटांच्या आत, आणि बसू नका. पोटऱ्यांत गोळे यायला लागले तर गिअर आणखी हलका करा, टाच खाली दाबून पेडल मारा, ओआरएस घ्या. तरीही आले तर उतरून चाला. चालताना तासाला चार किलोमीटर होतात, सायकलवर सात. त्यात फार काही बिघडत नाही.

शेवटच्या दोन वळणांत पाय शिल्लक असतील तर हृदयगती उंबरठ्याच्या ९५ टक्क्यांपर्यंत जाऊ द्या. पाचगणीत चहा घ्याच. पण काम संपलं असं समजू नका. महाबळेश्वर अजून एकोणीस किलोमीटर आहे आणि तो रस्ता सपाट नाही. भिलारवरून पुढे उतरतो, चढतो, परत उतरतो, आणि वेण्णा तलाव ओलांडल्यावर बाजारपेठेत शिरताना पुन्हा एक चढ ठेवलेला आहे. पाचगणीत खिशात एक केळं मुद्दाम शिल्लक असू द्या.

उतरताना

परतीला सायकल टेम्पोत टाकणारे शहाणे असतात. ज्यांना चालवत उतरायचं आहे त्यांनी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी उतरावं. ब्रेक पॅड निघण्याआधीच नवे बसवलेले असावेत. ब्रेक सलग दाबून धरू नका. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग तोडा, वळणात सोडा. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर घासणारे) असतील तर सतत घासून रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. मधे दोनदा थांबून बोटांना आराम द्या. वळणात बाहेरचा पाय खाली आणि त्यावर भार, नजर पुढच्या वळणावर. थंडीत पहाटे उतरणार असाल तर जर्सीच्या आत, छातीवर एक वर्तमानपत्र घडी करून ठेवा. वारा अडतो.

पुढचे चार-पाच दिवस सायकलला हात लावू नका, लावलाच तर अर्ध्या तासाची चक्कर. पायऱ्या उतरताना मांड्या दुखतील, ते दोन दिवसांत जातं. गुडघ्यात टोचल्यासारखं होत असेल आणि आठवडाभर राहिलं, तर सीटची उंची पुन्हा तपासा आणि फिजिओथेरपिस्टकडे जाऊन या.